मीठ, कोळसा आणि तांब्याचा पत्रा

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. नाहीतरी तुम्ही हसणारच म्हणा. आमच्या घरात तर हल्ली मी जेवताना मीठ मागितलं तरी हसतात.

शहादा तालुक्यातलं आमचं घर सासऱ्यांनी बांधलेलं, आणि लाइटचा बोर्डही त्यांच्याच वेळचा. लाकडी फळी, तिच्यावर चिनी मातीचे फ्यूज आणि काळ्या पडलेल्या वायरी. मोटार आणि मिक्सर एकदम लावले की फ्यूज उडायचा. मग आमचे हे स्टुलावर चढून तार बांधायचे आणि मी खाली उभी राहून देवीचं नाव घ्यायचे. इतकी वर्षं तसंच चाललं.

पण यंदा सून, मनीषा, गरोदर. सातवा महिना. एका सकाळी ती वॉशिंग मशीनला हात लावते काय आणि झटकन मागे सरते काय! "काही नाही आई, जरा झिणझिण्या आल्या," म्हणाली. त्याच दिवशी मी महादेवाला सोमवार बोलले: बाळ सुखरूप होईपर्यंत दर सोमवारी तापीकाठच्या प्रकाशा गावी महादेवाचं दर्शन, आणि एक वेळ जेवण. ह्यांनी त्याच दिवशी वायरमनला फोन केला. दोघांनी आपापले उपाय केले.

वायरमन म्हणजे शहाद्याचे सुकलालभाऊ. जुना बोर्ड काढून त्यांनी नवी लोखंडी पेटी बसवली. धोका झाला की आपोआप खाली पडणारी बटणं तिच्यात. दोन दिवस ते आणि आमचे हे "अर्थिंग, अर्थिंग" बोलत होते. अर्थिंग म्हणजे त्या पेटीतलंच एखादं बटण असेल, असं मी धरून चालले. विचारलं नाही. तिथेच चुकले.

तिसरा दिवस सोमवार. मी प्रकाशाला गेले, हे मनीषाला घेऊन शहाद्याला दवाखान्यात. दुपारी मी परतले तेव्हा घरात कोणी नव्हतं. पाय धुवायला मागच्या अंगणात गेले आणि तिथेच थिजले.

मनीषाच्या खिडकीखाली कमरेएवढा खड्डा! खड्ड्यात कोळसा. कोळशावर पांढरंशुभ्र मीठ. मधोमध उभा तांब्याचा पत्रा. आणि काठावर फोडलेला नारळ, त्यावर कुंकू.

आता तुम्हीच सांगा, गरोदर सुनेच्या खिडकीखाली असलं काही दिसलं तर तुमच्या मनात काय येईल? लाइटचं बटण येईल?

कशीबशी कुंपणापाशी जाऊन शेजारच्या रुख्मामायला हाक मारली. ऐंशीची म्हातारी, साऱ्या गल्लीच्या संकटांवर तिच्याकडे तोडगा. तिने लांबूनच पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

"हाई तं करणी शे वं बाई. पोटुशीनी खिडकीखालेच करी."

"कोणी केली असेल, माय?"

"ते मंग देखू. पहिले वाहता पानीमा सोडी ये. मांगे देखू नको, कोणासंगे बोलू नको."

मी खड्ड्यात उतरले. महादेवाचं नाव घेत पत्रा उपसला, मीठ-कोळसा टोपल्याने पोत्यात भरला, वर नारळ ठेवला. हात भरत होते आणि डोक्यात एकच भुंगा: कोणी? मग आठवलं, थोरल्या जाऊबाईंनी परवाच मनीषासाठी चिंचेची चटणी पाठवली होती. एवढी माया अचानक कशी? लगेच आत जाऊन बरणी मोरीत रिकामी केली. देव मला क्षमा करो.

रुख्मामायने तापीच्या पुलापर्यंत ठरवून दिलेली रिक्षा दारात आली. पोतं ओढत फाटकापाशी नेलं, तोच मोटरसायकलवर लांब पाइप बांधून सुकलालभाऊ परत आले.

"वहिनी, इतलं जड काय लई चालन्यात?"

मी गप्प. बोलायचं नव्हतं ना! तो भला माणूस गाडीवरून उतरला आणि पोतं स्वतः उचलून त्याने रिक्षात ठेवलं. मी डोळ्यांत पाणी आणून हात जोडले. कोणीतरी गेलं असावं, असं वाटलं असणार त्यांना. तेही हात जोडून उभे राहिले.

वाटेत फोन वाजतच होता. ह्यांचा दोनदा, सुकलालभाऊंचा तीनदा. उचलला नाही. पुलावरून पोतं तापीत सोडलं, डोळे मिटून. किती हलकं वाटलं म्हणून सांगू! बाळावरचं संकट मी एकटीने टाळलं होतं.

घरी आले तर हे आणि मनीषा दवाखान्यातून परतलेले. मशीनमध्ये कपडे टाकून मनीषाचा हात बटणाकडे चाललेला. तेवढ्यात मागच्या अंगणातून सुकलालभाऊ ओरडले, "ताई, मशीनले हात लावू नका! अर्थिंग चोरीले गयं!"

तिचा हात बटणापासून दोन बोटांवर थांबला.

मग ते मनीषाला समजावून सांगू लागले आणि मी दारात उभी राहून ऐकत होते. मशीनमध्ये करंट उतरला तर तो माणसाच्या अंगात न जाता त्या तांब्याच्या पत्र्यातून जमिनीत जातो. मीठ-कोळसा ओल धरायला. तांबंच आणा, असं ह्यांनी मुद्दाम मनीषासाठी सांगितलेलं. नारळ? जमीन उकरण्याआधी सुकलालभाऊ नारळ फोडतातच, घराचं भलं व्हावं म्हणून.

हे पोलिसांना फोन लावायला निघाले. आता बोलणं भागच होतं.

"चोर इथेच आहे," मी म्हणाले. "पत्रा तापीत आहे."

सुकलालभाऊ पायरीवर हळूच टेकले.

"म्हणजे ते पोतं मीच रिक्षामा टाकं," ते म्हणाले.

सगळ्यात आधी मनीषा हसली, पोट धरून. मला मात्र हसू आलं नाही. माझ्या नातवाला जे वाचवणार होतं, तेच मी महादेवाचं नाव घेत नदीत सोडून आले होते. ती दोन बोटं मी अजून विसरलेले नाही.

दुसऱ्या दिवशी नवा पत्रा आला आणि नारळ मी माझ्याच हाताने फोडला. जाऊबाईंकडून चटणी पुन्हा मागून आणली. पहिलीचं काय झालं ते त्यांना सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

जाताना सुकलालभाऊ म्हणाले, खड्डा ओला राहिला पाहिजे, रोज पाणी घाला. मी तर नेम घेतला की मोडत नाही. तेव्हापासून रोज आंघोळ करून, ओल्या केसांनी, तांब्या घेऊन जाते. मंद धार धरते, बाळासाठी हात जोडते आणि मनातल्या मनात दोन शब्द बोलते. शेजारच्या कुंपणावरून कोणी बघत असेल, हे ध्यानातच आलं नाही. लाजेपोटी मी रुख्मामायला अर्थिंगचं काही सांगितलंच नव्हतं.

परवा तिने ह्यांना कोपऱ्यावर गाठलं, इकडेतिकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "भाऊ, तुन्ही घरवाली रोज सकायले कोणावर करणी करी ऱ्हायनी?"