पहिलं ओझं ओटीचं

भावजींना मी उमरोळीच्या रस्त्यावर लोकांदेखत मारलं. बहिणीच्या नवऱ्यावर हात उचलायचा नसतो, हे आईनं लहानपणीच बजावलेलं, तरी मारलं. आधी कानाखाली, मग नाकावर बुक्की. रक्त आलं तरी हात थांबेना. त्यांनीही सोडलं नाही. माझा पुढचा दात तेव्हापासून अर्धाच आहे.

भांडण चाकांचं होतं. बोईसरला एमआयडीसीकडं जाणाऱ्या रस्त्यावर माझं टायरचं दुकान आहे. भावजींनी एसयूव्ही घेतली आणि दोन महिन्यांत मुंबईहून स्प्रिंगा कापून ती खाली बसवून आणली. उंच म्हणून गाडी घ्यायची आणि मग तिला बसकी करायची! हौसेला मोल नाही म्हणतात, पण अक्कल तरी असावी की नाही? नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ते आणि ताई नवी अलॉय चाकं घेऊन दुकानात हजर. चकचकीत, रुंद, मडगार्डच्या बाहेर चार बोटं येतील अशी.

"ही नाय बसनार, भावजी."

"बोल्टची भोकं जुळतात ना? मग?"

बोल्ट जुळले म्हणजे चाक बसलं, असं समजणारा माणूस समोर आला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. चाक रुंद किती, ज्यावर ते बसतं त्या हबपासून बाहेर किती येतं, मधलं भोक हबवर घट्ट बसतं का, स्टिअरिंग पूर्ण फिरवल्यावर आत कुठं घासतं का, सगळं बघावं लागतं. खाली बसवलेल्या गाडीत तर चाकाला वर जायला जागाच उरलेली नसते. हे शांतपणे सांगायचं सोडून मी पाना फेकला. तो शटरवर आदळला. भावजींनी माझी कॉलर धरली. ताई मध्ये पडली म्हणून निभावलं.

शेवटी माझ्याकडची कमी रुंदीची चाकं ठरली. पण ती मडगार्डच्या कडेला बरोबर लागून दिसायला हवीत, हा हट्ट काही त्यांनी सोडला नाही. मीही कंटाळून हो म्हटलं. रिकाम्या गाडीला टायर आणि मडगार्डमध्ये दोन बोटं फट दिसत होती.

आता माझा एक नियम आहे. चाकं बसवली की मागं वाळूच्या गोण्या टाकायच्या, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं आणि खड्ड्यांतून एक चक्कर मारायची. तोवर गाडी सोडायची नाही. मी गोणी उचलली, तोच भावजी आडवे आले. त्यांच्या केळव्याच्या घरची रीत अशी, की होडी असो वा गाडी, नवं काही लावलं की आधी पूजा, आणि पूजेनंतरचं पहिलं ओझं देवीच्या ओटीचं. ताईनं चाकांना हळदकुंकू लावून नारळ फोडलाही होता.

"देवीच्या आधी वाळू? येडा झालास काय रे?"

"मग मरा!" मी ओरडलो. अगदी हेच शब्द. गोणी तिथंच आपटली, नट आवळले आणि गाडी सोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओटीचं सामान आणि सात माणसं घेऊन ते केळव्याला निघाले. संध्याकाळी परत येऊन ताई मला राखी बांधणार होती. उमरोळी सोडल्यावर गाडी एका खड्ड्यात बसली. मडगार्डच्या कडेनं मागच्या टायरची बाजू चिरली, टायर फुटला आणि गाडी मोरीच्या कठड्यावर गेली. फोन आला तसा मी बाइक काढली.

ताई रस्त्याच्या कडेला बसली होती. केसांत ओटीचे तांदूळ, उजवं मनगट भलतीकडंच वळलेलं. बाकीच्यांना खरचटण्यापलीकडं काही नव्हतं. पण ते मनगट बघितलं आणि मला भावजींच्या तोंडाशिवाय दुसरं काही दिसेना.

"तू गोणी टाकू दिली नाहीस! तू!" चौघांनी मला मागं ओढलं तरी मी ओरडत होतो. जन्मात पहिल्यांदा त्यांना अरे-तुरे केलं.

ताई बसल्या जागेवरून म्हणाली, "त्यांनी नको म्हटलं. पन त्यांना काय म्हाईत? तुला म्हाईत होतं ना? मग गाडी सोडलीस कशाला?"

ओझं पडल्यावर मडगार्डची कड टायर कापू शकते, एवढं एक वाक्य मी आदल्या दिवशी बोललो असतो तर भावजींनी ऐकलंही असतं. मी काय बोललो, तर मरा. त्या गाडीत माझी बहीण बसणार होती, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. लाज वाटते, अजून वाटते.

ताईचं मनगट नीट जुळलं नाही. यंदाच्या नारळी पौर्णिमेला ती राखी घेऊन दुकानात आली, मागं भावजी, नाक जरा वाकडं झालेलं. वर्षभरात आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. ताई डाव्या हातानं गाठ मारायला बघत होती आणि दोरा सारखा सुटत होता. दोनदा, तीनदा सुटला. भावजी पुढं आले आणि त्यांनी दोऱ्याचं दुसरं टोक धरलं. मी हात मागं घेऊ लागलो.

"हलू नको रे," ते म्हणाले, "तिला बांधू दे."