सगळ्यांचा डावा हात

कोरोनात शाळा बंद झाल्या तेव्हा माझ्या नोकरीला बावीस वर्षं झाली होती. नाशिकमधल्या एका माध्यमिक शाळेत मी आठवी ते दहावीला शारीरिक शिक्षण शिकवते. मुलं मॅडम म्हणतात, पालक 'पीटीच्या मॅडम' म्हणतात, आणि परीक्षा जवळ आली की गणिताच्या बाई माझा तास मागून नेतात. ऑनलाइन शाळेची घोषणा झाली तेव्हा मला वाटलं, चला, आपल्याला सुट्टी. मैदानच नाही तर पीटी कसली!

पण मुख्याध्यापिकांचा फोन आला. "मुलं दिवसभर मोबाइलपुढे बसणार. तुमचा तास सगळ्यांत आधी लावलाय, सकाळी आठला. काहीतरी हातपाय हलवून घ्या त्यांच्याकडून."

आम्ही हायवेवरच्या द्वारका चौकापासून जवळ राहतो. घरात दोन खोल्या, हॉल आणि वर सोसायटीची गच्ची. मी गच्चीवर जायचे. पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर मोबाइल उभा करायचा, दहा पावलं मागे सरायचं आणि सुरू करायचं. खालून ट्रकचे हॉर्न यायचे, म्हणून ओरडूनच शिकवावं लागे. त्याची मला सवय होतीच.

काय शिकवावं हा प्रश्न होता. मुलांच्या घरात जागा नाही. कुणी पलंग आणि कपाटाच्या मधे उभं, कुणाच्या पाठीमागे कुकरच्या शिट्ट्या. उड्या मारल्या की खालच्या मजल्यावरचे भांडायला येत. मग मी कदमताल धरली. जागच्या जागी, एका फरशीत मावणारी. मान ताठ, गुडघा वर, हात खांद्यापासून मागेपुढे. दरवर्षी सव्वीस जानेवारीचं संचलन मीच बसवायचे, त्यामुळे कदमताल हा माझा हातखंडा. आठवीची मुलं नवी होती. वेगवेगळ्या प्राथमिक शाळांतून आलेली. त्यांनी ना आमचं मैदान पाहिलं होतं, ना मला. त्यांच्या लेखी मी म्हणजे मोबाइलमधली, टाकीपुढे उभी असलेली बाई.

पहिले काही महिने बरे गेले. मधे एकदा मुख्याध्यापिकांनी हळूच सांगितलं, "एका पालकांचा निरोप होता. मॅडम सारख्या रागावलेल्या दिसतात म्हणे. जरा हसत जा." मला लागलं ते. मी रागावले नव्हते. उलट त्या दिवसांत सकाळचा तो तास सोडला तर मला दुसरं काही बरं वाटत नव्हतं. मी फोन ठेवला आणि आरशात जाऊन हसून पाहिलं. हसू आलं होतं की. मग पालकांनाच दोष देऊन मोकळी झाले.

एका सोमवारी गच्चीवर वॉटरप्रूफिंगचं काम निघालं. डांबराचे डबे, कामगार, धूर. माझी मुलगी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, घरूनच शिकत होती. ती म्हणाली, "आई, आज हॉलमध्ये घे. माझा लॅपटॉप टीव्हीला जोडून देते. सगळी मुलं एकदम दिसतील तुला."

आणि खरंच दिसली. तोवर मला मोबाइलच्या पडद्यावर, तेही चष्म्याशिवाय दहा पावलांवरून, रंगीत ठिपकेच दिसत असत. आज टीव्हीवर आठवीचा अख्खा वर्ग होता. तिशीच्या वर चौकोन, प्रत्येकात एक मूल. कुणाचे केस वाढलेले, कुणी शाळेचा शर्ट आणि खाली घरची पँट. मला इतका आनंद झाला, की म्हटलं, "आज मी करून दाखवणार नाही. आज तुम्ही करा, मी बघते. सावधान! कदमताल शुरू कर!"

मुलं पाय आपटू लागली. एक-दो, एक-दो. गुडघे छान वर येत होते. उजवे हातही झकास झुलत होते. पण डावा हात कुणाचाच हलत नव्हता.

म्हणजे अगदी कुणाचाच नाही असं नाही, चार-पाच जण दोन्ही हलवत होते. बाकी सगळ्यांचा डावा हात कोपरात किंचित दुमडलेला, पोटाशी धरलेला, जणू कुणीतरी त्यात पिशवी अडकवून दिलीय. तिशीच्या वर मुलं, वेगवेगळ्या घरांतली, एकमेकांना न भेटलेली, आणि सगळ्यांचा एकच हात मेलेला. माझ्या अंगावर काटा आला. मग राग आला, कारण मला वाटलं, ही टिंगल आहे. व्हॉट्सअॅपवर ठरवून केलेली.

"थम!" मी ओरडले. "हा काय चावटपणा आहे? डावा हात का हलत नाही कुणाचा? कुणी शिकवलं हे?"

एका चौकोनातला मुलगा खाली बघून हसला, तशी मी आणखी चिडले. "विचारतेय मी! कुणी शिकवलं?"

एका मुलीने माइक सुरू केला. शहराच्या कडेला त्यांचा मळा होता. नेटवर्कसाठी ती रोज घराबाहेर, भाजीच्या वाफ्यांजवळ उभी राहायची, एवढंच मला तिच्याबद्दल माहीत होतं. ती म्हणाली, "मॅडम, तुम्हीच तर असं करता."

"मी?"

"हो ना मॅडम. तुमचा तो हात नाय हलत. आम्हाला वाटलं तसंच असतं."

दुसरा एक मुलगा म्हणाला, "माझे पप्पा म्हणाले, परेडला दोन्ही हात हलतात. मी म्हटलं, नाही, आमच्या मॅडम दाखवतात तेच बरोबर."

आरशात बघितल्यासारखं केलं होतं मुलांनी. माझा उजवा तो त्यांचा डावा. चार महिने रोज सकाळी, मन लावून.

मी तास कसा संपवला ते आठवत नाही. बहुतेक म्हणाले असेन, बरं, उद्या बघू. लॅपटॉप बंद केला आणि हॉलच्या मधोमध कदमताल सुरू केली. दोन्ही हात हलत होते, व्यवस्थित. "बघ गं," मी मुलीला म्हटलं, "हलतोय की नाही?"

"हलतोय," ती म्हणाली. तिने मोबाइल माझ्याकडे धरला होता. "तू करत राहा. आणि मला सांग, आज भाजीला काय काय आणायचं?"

मी कदमताल करत करत सांगू लागले. मेथी, टोमॅटो, कोथिंबीर. मुलीने मोबाइल माझ्या हातात दिला. त्या चित्रफितीत पहिली काही पावलं माझे दोन्ही हात मागेपुढे होत होते. मेथी म्हटलं तसा उजवा हात मंदावला, टोमॅटोला पोटाशी आला, आणि कोथिंबिरीपर्यंत पार थांबला. मी मात्र बोलतेय, पाय आपटतेय. मला त्याचा पत्ताच नाही.

ज्यांना नेट मिळत नसे त्यांच्यासाठी तासांचं रेकॉर्डिंग ठेवलेलं असे. दुपारभर आम्ही दोघी ते पाहत बसलो. सुरुवातीच्या तासांत हात थोडा हलत होता, पुढे कमी, पुढे नाहीच. आणि चेहरा. तो चेहरा बघून मला धडकीच भरली. मी "शाब्बास!" म्हणत होते, आवाजात कौतुक होतं, आणि चेहऱ्यावर काहीही नव्हतं. धुतलेल्या पाटीसारखा कोरा. त्या पालकांचं काहीच चुकलं नव्हतं.

संध्याकाळी नवरा कामावरून आला. तो विजेच्या खात्यात आहे, तेव्हा येवल्याला रोज जाऊन येऊन असायचा. त्याला सगळं सांगितलं. बुटाची नाडी सोडता सोडता तो म्हणाला, "तुझं अक्षर लहान झालंय. किराण्याची यादी वाचता येत नाही मला. दुकानदाराला वाचायला लावतो. वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? अक्षर लहान झालं म्हणून?"

मेंदूच्या डॉक्टरांकडे आमचा नंबर आठवड्याने लागला. तरुण डॉक्टर, तोंडावर दोन मास्क. त्यांनी मला व्हरांड्यात चालायला लावलं. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर भरभर आपटायला सांगितलं. डाव्या हाताने जमलं. उजव्याचं बोट आधी जोरात, मग हळू, मग छोटं छोटं होत गेलं, तेलाविना गिरणी बंद पडावी तसं. मी मनात त्याला दटावत होते, हल, हल की. ते ऐकत नव्हतं. बावीस वर्षं मी मुलांना हेच दटावत आले होते, हात का हलत नाही, झोपलास का.

"वास येतो का तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"नाही. बरेच महिने झाले. तेव्हा टेस्टसुद्धा केली होती, निगेटिव्ह आली." त्या दिवसांत ज्याला त्याला एकाच आजाराची भीती होती. तो नाही म्हटल्यावर मी वासाचं विसरूनच गेले होते.

डॉक्टरांनी पेन ठेवलं. "हा कंपवात आहे, पार्किन्सन्स. सुरुवात आहे."

"पण मला कंप नाही!" मी दोन्ही हात पुढे करून दाखवले. मला वाटलं, चला, चूक सापडली यांची.

"सगळ्यांना कंप सुटतोच असं नाही. काहींचे स्नायू आखडतात, हालचाल मंदावते, चेहऱ्यावरचे भाव कमी होतात. आधी एकाच बाजूला." मग त्यांनी विचारलं, "कुणाच्या लक्षात आलं हे?"

"आठवीच्या मुलांच्या," मी म्हटलं आणि रडू कोसळलं. नवऱ्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो ठेवलेला मला कळला, एवढंच. त्या दिवशीचं बाकी काही माझ्या डोक्यात शिरलंच नाही. गोळ्या कधी घ्यायच्या, व्यायाम किती करायचा, हे सगळं मुलीने वहीत लिहून घेतलं.

चार दिवस मी आजारपणाची रजा टाकली. कुणाशी बोलले नाही. मला मरणाची भीती नव्हती. मला लाज वाटत होती, आणि का वाटते ते कळत नव्हतं. माणसाचं शरीर हीच ज्याची नोकरी, त्याला स्वतःचा हात थांबल्याचं कळू नये? राजीनामा द्यायचं मी मनात पक्कं केलं. मुख्याध्यापिकांना फोन लावला, सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "राजीनाम्याचं नंतर बघू. पण मुलांना चुकीची कदमताल शिकवून ठेवलीय ना तुम्ही? ती आधी दुरुस्त करा."

मला रागच आला होता त्यांचा. तरी पाचव्या दिवशी आठ वाजता मी हॉलमध्ये उभी राहिले.

"मुलांनो, माझ्या उजव्या हाताला आजार झालाय. तो मला न सांगता थांबतो. तुम्ही टिंगल केली नव्हती. मी उगाच ओरडले. तुम्ही जे दिसलं तेच केलंत."

टीव्हीवरचे चौकोन स्तब्ध झाले. मला वाटलं, नेट गेलं. मग मळ्यातल्या त्या मुलीचा आवाज आला. "मॅडम, दुखतो का?"

"नाही गं. दुखत नाही."

"मग आम्हाला कळलं की सांगायचं का तुम्हाला?"

मी हो म्हटलं. काय कबूल केलंय ते मला तेव्हा कळलं नाही. त्या दिवसापासून हात थांबला रे थांबला, की टीव्हीतून गलका यायचा, "मॅडम, हात!" कुणी कुकरच्या शिट्टीवर आवाज चढवून, कुणी घास तोंडात असताना. एकदा तर एका मुलाच्या आजीनेच पडद्यात डोकं घालून सांगितलं, "अहो बाई, हात!" आधी दर वेळी मी दचकायचे. आपण इतक्या वेळा थांबतो? एका तासात पंधरा-वीस वेळा? डॉक्टर म्हणाले होते, जाणीवपूर्वक हात हलवा. त्या जाणिवेचं काम तीस मुलांनी अंगावर घेतलं होतं. दोन आठवड्यांत त्यांचे डावे हात सुटले. माझा अजून सुटायचाय. गोळ्यांनी बराच मोकळा असतो. गोळी उतरली की पुन्हा आपला पोटाशी.

शाळा उघडली तेव्हा ती मुलं नववीत गेली होती. अर्ध्या अर्ध्या गटांनी आली. मैदानात गुडघ्याएवढं गवत वाढलं होतं, ते आदल्या दिवशी काढून घेतलं होतं. सगळ्यांच्या तोंडावर मास्क. मी एकालाही ओळखलं नाही. त्यांनी मला लांबूनच ओळखलं. एक ठेंगणीशी मुलगी पुढे आली आणि म्हणाली, "मॅडम, मी ती मळ्यातली." मी तिला उंच समजत होते. ती मोबाइल जमिनीवर ठेवायची ना, त्यामुळे. ती माझ्याकडे मान वर करून बघत म्हणाली, "मॅडम, तुम्ही लय उंच आहात हो. मोबाइलमध्ये एवढ्याशा दिसायच्या."

मी शिट्टी वाजवली आणि म्हटलं, "चला, आधी मैदानाला दोन फेऱ्या."

मुलं ओरडत सुटली. पहिल्या वळणापर्यंत त्यांचा आरडाओरडा ऐकू येत होता. दुसऱ्या वळणावर तो थांबला. मी पाहिलं तर एक मुलगा गुडघ्यांवर हात टेकून उभा होता. मग दुसरा. मग एकेक करून सगळी मातीत बसली, मास्क हनुवटीवर ओढून धापा टाकत. अर्धी फेरीसुद्धा झाली नव्हती. चौदा-पंधरा वर्षांची मुलं. मी जागच्या जागी उभी राहिले. रोज सकाळी तीच मुलं माझ्यापुढे गुडघे छातीपर्यंत उचलत होती, आणि मी त्यांना शाब्बास म्हणत होते. एका फरशीवरून ती दीड वर्षात हललीच नव्हती, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

मी त्यांच्याकडे चालत गेले. एक जण म्हणाला, "मॅडम, छातीत कसंतरी होतंय." त्याला आडवं न होता बसायला सांगितलं, हळूहळू श्वास घ्यायला लावला. कुणाकुणाला पाणी आणून दिलं. उरलेला तास आम्ही सायकलस्टँडच्या सावलीत बसून काढला. पुढच्या तासाला मी पाव फेरीच ठेवली, तीही चालत.