हातोडी उचलण्याआधी

खोडाळ्याच्या बाजारात माझी मोटरसायकल बघणारा मिस्त्री हातोडी उचलण्याआधी दर वेळी बायकोला सांगतो, "उचलतो हां." ती शेजारीच पंक्चरच्या ट्यूब घासत बसते. पूर्वी हा मोहाची दारू पिऊन तिला मारायचा. येशूच्या प्रार्थनेला जायला लागला, तशी दारू सुटली आणि मारणंही थांबलं.

काल तो सांगायचं विसरला. हातोडी वर गेली, आणि तिने दोन्ही हातांनी डोकं झाकलं.

त्याने हातोडी खाली ठेवली. "मला येशूनं सोडवलं," तो मला म्हणाला, "पण हिला माझ्यापासून कोण सोडवंल?"

वाकलेली रिम घेऊन तो दुकानामागे गेला. तिथूनही प्रत्येक ठोक्याआधी ऐकू येत होतं, "उचलतो हां."