पलटणवाले आणि आठ खाटा

“दावा हात.”

सकाळी दवाखान्याची पायरी चढलं की हे दोन शब्द कानावर यायचे. डॉक्टर असोत, झाडणारी बाई असो, नाहीतर मी. सगळ्यांनी तळहात पुढं करायचे. नखात मळ दिसला की रांजणाशी परत पाठवणी. मी भोरच्या संस्थानी दवाखान्यात कंपौंडर, परीक्षा पास झालेला, चष्मेवाला. आणि हात बघणारे हे कोण, तर ड्रेसर, जखमा धुऊन पट्ट्या बांधणारे! पहिल्या दिवशी मला असा काही राग आला म्हणता! पण हात दाखवले. तुम्हीही मुकाट्यानं दाखवले असतेत.

ते मूळचे आंबवड्याचे. पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर इराकात बसऱ्याला गेले आणि तिथल्या लष्करी इस्पितळात हे काम शिकून आले, म्हणून गावानं त्यांना पलटणवाले केलं. खरं नाव हजेरीबुकात होतं. त्या नावानं त्यांना कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही.

ते आमच्याकडं रुजू झाले तेव्हा आमच्या आठ खाटांच्या वॉर्डाचे दिवस भरत आले होते. कोयत्याचे, कुऱ्हाडीचे घाव घेऊन हिर्डोशीकडची माणसं झोळीतून यायची आणि इथं आल्यावर घाव बरा व्हायचा सोडून चिघळायचा. माणूस महिना महिना खाटेवर. कापूस, पट्टीचं लिंट, जखम धुवायचं कार्बोलिक सगळं पुण्याहून आणायचं आणि ते पाण्यासारखं संपायचं. शेवटी दरबाराचा हुकूम आला: तीन महिन्यांत खर्च निम्मा करा, नाहीतर वॉर्ड बंद, नुसत्या औषधाच्या बाटल्या भरून द्या. मग हिर्डोशीच्या माणसानं तुटका पाय घेऊन पुणं गाठायचं! डॉक्टर डोक्याला हात लावून बसले.

“निम्मा व्हतोय की,” पलटणवाले म्हणाले. “पर म्या सांगंल तसं झालं पायजे.”

दोन दिवस त्यांनी नुसतं बघितलं. तिसऱ्या दिवशी फर्मान काढलं. “आदी सोच्छ जखम. पुवाची मागनं.”

बोलायला सोपं आहे हो! आमच्याकडं पट्टीची रांग मानानं लागायची. पहिल्या खाटेवर वरव्याकडचे एक पाटील होते, पायाचा अंगठा सडत आलेला. पहिली पट्टी त्यांची. मग जखम धुवायचं तेच तसराळं, तोच चिमटा पुढच्या खाटेला. पाटलांचा पू रोज सगळ्या वॉर्डाला प्रसादासारखा वाटला जायचा आणि ते आम्हा शिकलेल्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

“मला शेवटी? वाळीत टाकलंय व्हय रं मला?” पाटील असे गरजले की मी औषधांच्या कपाटामागं गेलो.

पलटणवाले त्यांच्या खाटेशी उकिडवे बसले. “पाटील, लेकीच्या लग्नात तुमी पयल्या पंगतीला बसला व्हता?”

“म्या? घरधनी हाय म्या! पावनं जेवल्याबिगर घरधनी बसतो व्हय?”

“मग ह्या वार्डात वडीलधारं कोन? ही सात जनं कुनाचं पावनं?”

पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. म्हणाले, “वाढा आदी पावन्यास्नी.”

दुसऱ्या दिवसापासून काय थाट सांगू! पाटील खाटेवरूनच पुकारा करायचे, “चला हिर्डोशीकर, तुमचं पान वाढलंय!” कुणी मधे घुसू लागला की त्याची खैर नसायची. आणि सगळ्यांच्या शेवटी, यजमानाच्या तोऱ्यात, पाटील आपला अंगठा पुढं करायचे.

पट्ट्यांसाठी पलटणवाल्यांनी जुनी मऊ लुगडी आणि धोतरं मागवली. रोग्यांचे नातेवाईक आवारात चुली मांडून राहायचेच. भाकरी झाल्या की त्याच विस्तवावर हंडा चढायचा, सोडा टाकून कापड उकळायचं, उन्हात कडक वाळायचं. जळण वेगळं लागलंच नाही. मलाही काटकसरीचा चेव आला आणि मी कार्बोलिकमध्ये जरा जास्त पाणी घातलं. पलटणवाल्यांनी वास घेतला आणि बाटली मोरीत रिकामी केली.

“कंपौंडर, चिंधी जुनी चालतीया. दवा पातळ न्हाई चालत.”

दोन महिन्यांत माणसं आठ-आठ दिवसांत चालत घरी जाऊ लागली. पाटीलही अंगठा शाबूत घेऊन बैलगाडीत बसले. मला तर सकाळी दवाखान्यात कधी जातो असं व्हायचं!

तीन महिने भरले, दरबाराच्या तपासणीचा दिवस आला आणि माझी अक्कल चरायला गेली. आठातल्या पाच खाटा रिकाम्या. साहेब काय म्हणतील? म्हणून बरे झालेले तिघं मी बाजारातून पकडून आणले आणि कांबळी पांघरून निजवले. पलटणवाल्यांनी कांबळी ओढली. “उठा रं. बऱ्या मानसाला निजवायचं म्हंजी जखमंची चेष्टा हाय.”

दरबारचे अधिकारी आले. खर्चाच्या वहीत निम्मा आकडा बघितला, पट्ट्या हुंगल्या, हात दाखवले, खूश झाले. मग रिकाम्या खाटांकडं बोट करून म्हणाले, “एवढ्या कशाला? चार काढून टाका.”

 इतकं करून अर्धा वॉर्ड गेला!

“काडा, साहेब,” पलटणवाले म्हणाले. “पर इकू नगा. येल्ह्याला द्या. तोरन्याखालचं मानूस घाव घिऊन दोन दिस चालतंय. पट्ट्या तितं उकळू. ड्रेसर म्या हायेच. नवा खरच काय बी न्हाई.”

 साहेब मोठ्यानं हसले आणि तिथंच हुकमावर सही केली. आमचा वॉर्ड वाचला होता, वेल्ह्याला नवा मिळाला होता. मी आणि डॉक्टर नाचायचेच बाकी होतो. पलटणवाले जाणार, हे मला संध्याकाळी उमगलं. घरी जाऊन मी जेवलो नाही.

चार खाटा उलट्या करून गाडीत घातल्या. वर हंडा. ते गाडीत बसले नाहीत, मागून चालत गेले.

दोन-अडीच महिन्यांनी तिकडचा एक धनगर लोकरीची घोंगडी विकायला आला आणि मुद्दाम दवाखान्यात डोकावला. दंडावर बऱ्या झालेल्या घावाचा व्रण होता. म्हणाला, “पलटनवाल्यांनी सांगावा धाडलाय. दोन खाटा मोकळ्या झाल्यात. आनखी कुठल्या गावाला लागत असतील तर कळवा.”