चपला घातलेला उंट

खरं सांगते, हा भुताच्या गोष्टींचा ग्रुप मी वाचते तो टाइमपास म्हणून. पडक्या विहिरी, पांढऱ्या साडीतल्या बाया... वाचायचं, हसायचं आणि झोपायचं. आमच्या आबांनी असल्या गोष्टींना घरात कधी थारा दिला नाही. बुद्धवंदना आणि पेपर, एवढंच. त्यात माझा धंदा मोशन ग्राफिक्सचा. जे हलत नाही ते हलवून दाखवायचे मी पैसे घेते. त्यामुळे स्क्रीनवर काहीही दिसलं तरी माझा पहिला प्रश्न — कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये केलंय? तरीही आज हे लिहितेय.

मी जळगावची. लग्नपत्रिकांचे व्हिडिओ, सराफांच्या दुकानातल्या स्क्रीनवर गोल फिरणारे हार, ठिबकच्या नळीतून पडणारा थेंब — हेच काम. माझी मोठी बहीण, अक्का, धुळ्याला देवपुरात राहते. तिची एकुलती एक मुलगी आम्रपाली, म्हणजे आमची आमू, दुसरीत असताना रक्ताच्या कॅन्सरनं गेली.

आमू पाच वर्षांची झाल्यापासून तिच्या प्रत्येक वाढदिवसाला मी तिला छोटासा व्हिडिओ करून द्यायचे. दोन वेण्यांची मुलगी रस्त्यानं चाललीय आणि तिच्यामागं प्राण्यांची वरात. दरवर्षी एक नवा प्राणी, तिच्या पसंतीचा. पोपट झाला, शेळी झाली, हत्ती झाला. दवाखान्यात असतानाही तिनं पुढची ऑर्डर देऊन ठेवली होती. "मावशी, आता उंट. पण त्याला चपला घाल. डांबरावर पाय भाजत असतील त्याचे." तेव्हा खोलीत आम्ही दोघीच होतो, अक्का औषधं आणायला खाली गेली होती. तो वाढदिवस काही आला नाही. उंट मी काढला नाही, आणि चपलांचं कुणाला सांगितलंही नाही. सांगवत नव्हतं.

अक्कानं तर आमूचं नाव घेणंच टाकलं. फोटो कपाटात ठेवले, शाळेतली नोकरी सोडली. गल्लीत पोरं खेळायला लागली की खिडकी लावून घ्यायची. भाऊजी मला फोनवर म्हणायचे, "ती रडत बी नाही गं. रडली असती तर बरं होतं."

गेल्या वर्षी आमूच्या वाढदिवसाला मी धुळ्याला गेले. तारखेचा विषय काढायचा नाही, नुसतं अक्काजवळ बसायचं, एवढंच ठरवून. भर दुपार होती, कूलर घरघरत होता, अक्का मेथी निवडत होती. बोलणं सुचेना म्हणून मी लॅपटॉप उघडला. मला स्टुडिओची वेबसाइट काढायची होती, त्यासाठी बाकीच्यांच्या साइट बघणं चालू होतं. पुण्याच्या, सुरतच्या, इंदूरच्या. कोण पहिल्या पानावर काय ठेवतं, नमुने कसे मांडतं, रेट सांगतं की लपवतं. नंतर परत बघता यावं म्हणून अशा वेळी मी स्क्रीनचं आवाजासकट रेकॉर्डिंग चालू ठेवते. बहुतेकांचा थाट सारखाच — अक्षरं उडत येतात आणि पान उघडेपर्यंत आपला चहा होतो.

मग एक साधी साइट उघडली. पांढरं पान. नाव नाही, गाव नाही, फोन नंबरही नाही. मनात म्हटलं, मग गिऱ्हाइकानं यांना गाठायचं कुठं? खाली 'आमचं काम' असं लिहिलेलं आणि एकच चौकोन. क्लिक केलं.

दोन वेण्यांची मुलगी चालत आली. माझीच रेषा, माझेच रंग. मला आधी रागच आला — फाइल ढापली कुणीतरी! तिच्यामागं पोपट. शेळी. हत्ती. आणि हत्तीमागं उंट... चारही पायांत निळ्या चपला.

उंटामागं कासव होतं, त्यामागं साळिंदर. हे प्राणी मी कधीच काढले नव्हते. दर वाढदिवसाला एक, या हिशेबानं ते ती गेल्यानंतरचे होते. मुलगीही मी काढलेल्या मुलीपेक्षा उंच होती.

माझा चेहरा बघून अक्का उठली. आम्ही दोघी बहिणी एकमेकींशी अहिराणीच बोलतो. "काय शे ते?" म्हणाली. मी लॅपटॉप मिटायला गेले तर तिनं हात धरला. "ऱ्हाऊ दे. माले दखू दे."

तिनं शेवटपर्यंत पाहिलं. साळिंदर कडेला दिसेनासं झालं आणि पान कोरं झालं.

"तूच करं ना हाई?"

मी 'हो' म्हणून मान हलवली. दुसरं काय सांगणार होते? अक्का माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागली. आमू गेल्यापासून पहिल्यांदा. संध्याकाळी तिनं कपाटातला फोटो काढला, पदरानं पुसला आणि भिंतीवर लावला.

ती साइट मला पुन्हा सापडली नाही. हिस्टरीत तिच्या आधीची आहे, नंतरची आहे, ती नाही. रेकॉर्डिंगमध्ये तेवढा वेळ नुसतं पांढरं पान दिसतं आणि मागं कूलरचा आवाज. "माले दखू दे" मात्र स्पष्ट ऐकू येतं. दुसऱ्या कुणी हे लिहिलं असतं तर मीच खाली कमेंट टाकली असती की दुःखात भास होतात. होतात ना. पण दोघींना एकच भास?

यंदा मी खरंच व्हिडिओ केला. आठवेल तसा हुबेहूब, सगळे प्राणी घेऊन. धुळ्याला जाऊन अक्काला दाखवला. तिनं शांतपणे पाहिला.

"चांगला शे," ती म्हणाली. "पण मागला तू करेल नव्हता."

"कशावरून?"

"तुनी पोर सरळ पुढे दखीसन चालस. त्यामा ती थांबे, मांगे वळीसन दखे... माय ई राहिनी का नही ते."

आमूची ती सवयच होती. बाजारात, शाळेच्या वाटेवर, थोडं चाललं की थांबून आई मागून येतेय ना, ते बघायची.

तो व्हिडिओ कुणी केला, कुठून आला, मला आजही सांगता येत नाही. आणि तिचं ते वळून बघणं मला दिसलंच नव्हतं. मी उंटाच्या पायांकडं बघत होते.