पुनर्तपासणी आवश्यक

माझ्या व्याह्यांनी आयुष्यात एकही गोष्ट पहिल्या खेपेला पास केलेली नाही. स्वतःच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना अंतरपाटाच्या मागून हात वर करून ‘एक कडवं राहिलं’ असं भटजींना सांगणारा नवरदेव निदान आमच्या रायपुरात तरी दुसरा झाला नसेल. उसाचा रस प्यायच्या आधी ते चरकाखालचं फडकं बघायला मागतात. लग्नाच्या पंगतीत बसण्याआधी मागच्या दाराने जाऊन आचाऱ्याची नखं पाहून येतात. विहीणबाई होत्या तेव्हा हसत सांगायच्या, की वरणात मीठ कमी पडलं तर आमचे हे ‘मीठ कमी आहे’ असं म्हणत नाहीत, ‘निरीक्षण एक, मीठ कमी’ असं म्हणतात. तीसेक वर्षं सरकारी आरोग्य खात्यात निरीक्षक म्हणून काढल्यावर माणूस निवृत्त होतो, पण त्याच्या डोळ्यांना ते कोण सांगणार?

त्या डोळ्यांखाली मी सापडलो तो मुलीच्या लग्नामुळे. तात्यापाऱ्यात माझा दवाखाना आहे, खाली दवाखाना आणि वर घर. माझी बायको मुलगी बारावीत असतानाच गेली, त्यामुळे मुलीच्या लग्नाचं सगळं माझ्या एकट्यावर होतं. तशी मुलीने आणि त्यांच्या मुलाने कॉलेजातच परस्पर सगळं ठरवून टाकलेलं होतं, आमच्याकडे उरली होती ती फक्त बैठक. त्या बैठकीला हे चौबे कॉलोनीतून सहकुटुंब आले. बाकीची मंडळी जिना चढून वर आली आणि हे दिसेनात. माझ्या बहिणीने केलेले पोहे निवले, पुन्हा गरम केले, पुन्हा निवले. पाऊण तासाने व्याही वर आले, सतरंजीवर बसले आणि म्हणाले, “पोट्टी पसंत आहे. फ्रिज पसंत नाही.” लसींच्या फ्रिजमध्ये मी दह्याचा सट ठेवला होता. लग्न जमलं आणि दवाखाना नापास झाला. निघताना त्यांनी पंधरा दिवसांनी पुन्हा येतो म्हणून सांगितलं. मला वाटलं याद्या करायला येत असतील. ते आले मंगळवारी सकाळी अकरा वाजता, काखेत रजिस्टर घेऊन.

मुलीचा बाप मुलाच्या बापाला काय म्हणणार? घरी आलेल्या व्याह्यांना ‘बसा’ म्हणायचं असतं, ‘कशाला आलात’ असं विचारायचं नसतं. त्या एका संकोचापायी मी अकरा वर्षं दर मंगळवारी तपासला गेलो.

येताना त्यांच्या पिशवीत एक टॉर्च, औषधांवरच्या बारीक तारखा वाचायला एक भिंग, स्वतःचं थर्मामीटर आणि इस्त्री केलेला पांढरा रुमाल असायचा. रुमाल कपाटाच्या माथ्यावरून फिरवण्यासाठी होता. रजिस्टरमध्ये कार्बन घालून ते दोन प्रती काढत, एक मला, एक त्यांना, आणि खाली दर वेळी तोच शेरा असे, ‘त्रुटी आढळली. पुनर्तपासणी आवश्यक.’ पण त्याआधी ते पेशंटच्या बाकावर पेशंटसारखे बसत. अधूनमधून खोकतसुद्धा. सगळा पारा, म्हणजे आमची अख्खी वस्ती, त्यांना ओळखत होती, तरी आपण गुप्तपणे बसलो आहोत यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता. मी हात धुवायला लागलो की बाकावरून पुटपुटल्यासारखं एक, दोन, तीन ऐकू यायचं. एकदा मी घाईत विसाऐवजी बारापर्यंतच धुतले, तर ‘डॉक्टर, आठ राहिले’ असा आवाज आला आणि समोरच्या पाय मुरगळलेल्या मास्तरांना वाटलं की त्यांचे आठच दिवस राहिले आहेत.

तपासून बाहेर पडलेल्या पेशंटलाही सुटका नव्हती. त्याला दारात अडवून ते चौकशी करत. एका किराणा दुकानदाराचं पोट बिघडलं होतं, त्याला त्यांनी विचारलं, की डॉक्टरांनी पोट दाबलं का, आणि किती ठिकाणी. तो म्हणाला तीन. व्याह्यांनी नुसती मान हलवली. दुकानदार घाबरून परत आत आला आणि उरलेल्या जागाही दाबून द्या म्हणून बसला. स्वतः तापाने फणफणले होते तेव्हाही सुईचं बंद पाकीट डोळ्यांसमोर फोडल्याशिवाय त्यांनी माझ्यापुढे दंड केला नाही. मी जरा लागूनच म्हटलं, की अहो, मी तुमचा व्याही आहे. ते म्हणाले, “घरी तुम्ही व्याहीबुवा. इथं तुम्ही दवाखाना क्रमांक एक.” क्रमांक दोन कोणता, असं मी बरेच दिवस विचारत होतो. पुढे कळलं की क्रमांक दोन नव्हताच.

हे सगळं चेष्टेवारी नेण्यासारखंही नव्हतं. एका उन्हाळ्यात रात्रभर वीज गेली होती, सकाळी फ्रिज थंड लागत होता आणि मी निश्चिंत होतो. त्यांनी थर्मामीटर आत ठेवलं, दहा मिनिटं घड्याळाकडे बघत उभे राहिले आणि त्यातल्या सगळ्या लसी टाकायला लावल्या. बाहेर दोन बाया तान्ही मुलं घेऊन बसल्या होत्या. त्या दिवशी मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला, तोंडाने मात्र चहा घेता का एवढंच विचारलं.

चार वर्षांपूर्वी विहीणबाई गेल्या. तेराव्यानंतरच्या मंगळवारी ते येतील असं मला वाटलं नव्हतं, पण अकराला आले. नेमकं त्याच दिवशी दुलारीबाईंनी, म्हणजे माझ्याकडे वीस वर्षं सगळं सांभाळणाऱ्या बाईंनी, दवाखाना आरशासारखा लख्ख केला होता. दुःखाच्या घरातून माणूस येतोय, त्याला आपल्यामुळे त्रास नको असा त्यांचा सरळ हिशेब. व्याह्यांनी रुमाल फिरवला, रुमाल पांढराच राहिला. एकेक बाटली भिंगाखाली धरली. दीड तास शोधलं आणि काही मिळालं नाही. मग ते बाकावर बसले, पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “सगळं ठीकच आहे. मग पुढच्या मंगळवारी यायचं काही काम नाही.” त्यांचा चेहरा बघून मी उगाच टेबलावरचे कागद सारखे करायला लागलो. दुलारीबाई माझ्यापेक्षा शहाण्या. त्या पोछा मारायच्या मिषाने कोपऱ्यात गेल्या आणि कचऱ्याच्या पिवळ्या डब्याचं झाकण काढून त्यांनी मागे सरकवलं. व्याह्यांनी जाता जाता तिकडे पाहिलं, थांबले, आणि रजिस्टर उघडलं.

तेव्हापासून दर सोमवारी संध्याकाळी दवाखाना बंद करताना आमची बैठक भरू लागली. “कल क्या रखना है, साहब?” असं दुलारीबाई विचारायच्या आणि आम्ही उद्याची त्रुटी ठरवायचो. त्रुटीलाही नियम होते. पेशंटला अपाय होईल असं काही ठेवायचं नाही, आणि फार सोपंही ठेवायचं नाही, नाहीतर ते साडेअकराला मोकळे होतील. कधी साबणाची वडी लपवायचो, कधी वजनकाटा दोन किलो पुढे करून ठेवायचो. काहीच सुचलं नाही तर खोकल्याच्या औषधाची एक तारीख उलटलेली बाटली होती, ती दुसऱ्या फळीवर मागे, लेबल भिंतीकडे करून ठेवायची. औषध केव्हाच ओतून देऊन तिच्यात साधा काळा चहा भरलेला होता. तपासणी झाली की दुलारीबाई ती उचलून ठेवायच्या.

हे सगळं मी त्यांच्यासाठी करत होतो असं म्हणालो तर ते खोटं ठरेल. पाऱ्यातले बरेचसे लोक आता मोठ्या इस्पितळांत जातात. सकाळी पाच-सहा पेशंट झाले की मी, पंखा आणि दुलारीबाईंच्या टिफिनचा वास एवढंच उरतं. दुपारी वर जाऊन एकट्याने जेवायचं, संध्याकाळी पुन्हा खाली येऊन बसायचं. आजारी नसताना माझ्याकडे येणारं व्याह्यांखेरीज दुसरं कुणी नव्हतं. शेरा लिहून झाला की आम्ही चहा घ्यायचो आणि फोन काढायचो. मुलगी-जावई बंगळूरहून नातीचे फोटो पाठवायचे, दोघांना तेच फोटो, एकाच वेळी. तरी ते मला त्यांच्या फोनवरचे दाखवायचे आणि मी त्यांना माझ्या फोनवरचे. आठवड्यातला मोठा दिवस कोणता असं मला कुणी विचारलं असतं तर मी मंगळवारच सांगितला असता.

यंदा व्याही न्हाणीघरात पाय घसरून पडले. कामवाली येईपर्यंत तीन तास फरशीवर पडून होते. मी धावत गेलो तर पहिलं वाक्य काय, की फरशी घसरडी आहे हे आपल्या नजरेतून सुटलं कसं. मला हसू आलं नाही. तीन तास, आणि तो मंगळवार नव्हता. मंगळवार असता तर अकराला ते आले नाहीत म्हणून मी निघालो असतो. हाड मोडलं नव्हतं, पण बंगळूरहून त्यांचा मुलगा आला, त्याने घर बंद करायचं ठरवलं आणि तिकडची तिकिटं काढली. माझ्या मुलीने मलाही चल म्हणून आग्रह केला. पण मला अजून पाच-सहा पेशंट आहेत.

जायच्या दोन दिवस आधी मंगळवार होता. आदल्या संध्याकाळी मी दुलारीबाईंना म्हटलं, जे जे आठवेल ते सगळं ठेवा. इतक्या त्रुटी निघाल्या की त्यांना तिकीट रद्द करावं लागेल, असं काहीतरी वेडं माझ्या मनात होतं. साबण नाही, काटा पुढे, पिवळ्या डब्याचं झाकण खाली, आणि दुसऱ्या फळीवर ती बाटली.

ई-रिक्षातून काठी टेकत ते उतरले. बाकावर बसले, पण खोकले नाहीत. मी हात धुतले, तेव्हा त्यांनी मोजलं नाही. मग ते उठले, थेट दुसऱ्या फळीशी गेले, बाटली काढली आणि लेबलवरून अंगठा फिरवला.

“ही एकच बाटली मले चौदा वेळा सापडली,” ते म्हणाले. “बॅच नंबर लिहून ठेवतो ना मी.”

“मग बोलले काहून नाही?”

“तुम्ही इतक्या मेहनतीनं ठेवून राहिले होते.”

त्यांनी बाटली होती तशी ठेवली, लेबल भिंतीकडे करून. बसून रजिस्टर उघडलं, कार्बन सारखा केला आणि एकच ओळ लिहून वरची प्रत माझ्या हातात दिली. ‘तपासणी पूर्ण. त्रुटी नाही.’ अकरा वर्षं ज्या शेऱ्याची मी चेष्टेत वाट पाहिली होती तो हातात घेऊन मी उभा राहिलो आणि मला रडू यायला लागलं. मी डब्याकडे बोट दाखवून म्हटलं, ते झाकण तरी बघा. ज्या माणसाने स्वतःच्या लग्नात कडवं सोडलं नाही, त्याने त्या उघड्या डब्याकडे नीट पाहिलं आणि ‘मले तर लागलेलंच दिसून राहिलं’ असं सांगितलं.

मी म्हटलं, पुनर्तपासणी लिहा. नेहमी लिहिता तसं लिहा.

“लिहीन तर यावं लागते,” ते म्हणाले. “फाईल अर्धी ठेवून मी कधी बदलीवर गेलो नाही. अन् आता मले येणं होत नाही, व्याहीबुवा.”

दवाखान्यात त्यांनी मला व्याहीबुवा म्हटलं ते तेवढं एकदाच.

आता फोन येतो. तिकडच्या इमारतीची लिफ्ट त्यांनी नापास केली आहे, आणि मागून नात “आबा, बस करो ना” म्हणत असते. दवाखान्याचं ते काही विचारत नाहीत, पूर्ण झालेल्या तपासणीबद्दल ते कधीच बोलत नसत. झाकण मी त्याच दिवशी लावलं, पेशंटच्या जिवाचा प्रश्न असतो. पण सोमवारी संध्याकाळी शटर ओढताना दुलारीबाई अजून विचारतात, कल क्या रखना है. मी म्हणतो, बाटली ठेवा. त्या मान हलवून ‘हव’ म्हणतात आणि ती दुसऱ्या फळीवर मागे ठेवतात, लेबल भिंतीकडे करून. मंगळवारी एक वाजेपर्यंत वाट बघून मी ती स्वतःच उचलून ठेवतो.