देवाचा ओटा आणि आईची पिशवी

पुण्याच्या भाचीने मला एक व्हिडिओ पाठवला. कोणी एक मुलगी त्यात सांगत होती की रत्नागिरीत आलात तर आरे-वारेचा किनारा कराच, पण अख्ख्या शहरात पायी फिरावं असा रस्ता एकच, ही जुनी बाजारआळी. आळी आमचीच होती. कॅमेरा सगळा वेळ वरच, कौलं, लाकडी गॅलऱ्या, एक मांजर. खाली बघायची बाईंना गरज वाटली नसावी. भाचीने खाली लिहिलं होतं, 'मावशी, तुम्ही किती लकी!' मी फोन डाळीच्या डब्यावर आपटला आणि आई म्हणाली, "काय गो, कोण गेलं?"

कोणी गेलं नव्हतं. आमचे ओटे गेले होते.

या आळीत खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशीच घरं. प्रत्येक दुकानापुढे जांभ्याच्या चिऱ्याचा ओटा असायचा, गुडघ्याएवढा उंच, बसून बसून गुळगुळीत झालेला. ओटा दुकानदाराचा, पण बसणाऱ्याला 'का बसलात' असं विचारायचं नाही, ही इथली रीत. उलट म्हातारं माणूस टेकलं की आतून न मागता पाण्याचा तांब्या यायचा. या रस्त्यावर चालता यायचं ते रस्ता चांगला होता म्हणून नव्हे, जागोजागी बसता यायचं म्हणून.

आमचं घर आळीच्या वरच्या टोकाला, मासळीबाजार खालच्या टोकाला. बाबा गेल्यापासून आई एकटी राहायला नको म्हणून मी इथेच असते, पण एकटीने करायची तिची एक गोष्ट होती. सकाळी मी ऑफिसला निघाले की ती पिशवी घेऊन मासळी आणायला जायची. गुडघे कधीचेच गेलेले. मध्यावर शिंप्याच्या ओट्यावर टेकायची, त्याच्याशी दोन शब्द, त्याच्या सुनेची चौकशी, मग पुढे. कोळणीशी भांडून बांगडे आणायची आणि येताना पुन्हा तिथेच टेकायची. आळीतली प्रत्येक बातमी तिला माझ्या आधी कळायची. डॉक्टर म्हणाले होते, यांचं चालणं थांबू देऊ नका, बाकी औषध मी देतो.

मग पर्यटक आले. म्हणजे त्यांच्या गाड्या आल्या. किनाऱ्यावर जाताना काजू, कोकम, आंबापोळी घ्यायला ते आमच्या आळीत शिरू लागले आणि दुकानदारांच्या डोळ्यांपुढे पार्किंग नाचू लागलं. देवळात बैठक झाली. ओटे काढले तर प्रत्येक दुकानासमोर एक गाडी लागेल, असं ठरलं. मी उठून विचारलं, आणि माणसं कुठे टेकतील? एकजण हसून म्हणाला, "ताई, आता टेकायला कोणाला वेळ हाय?" सगळे हसले. त्यातले निम्मे त्याच ओट्यांवर बसून लहानाचे मोठे झालेले! कोणी सक्ती केली नव्हती, वरून हुकूम आला नव्हता. आपणच आपल्या हाताने आपले ओटे फोडायला जेसीबी बोलावला. शिंप्याकडे गाडीतून येणारं गिऱ्हाईक कुठलं, त्याच्याकडे येतात उसवलेल्या चेनी. तरी सगळ्यांबरोबर त्यानेही हात वर केला.

आईने हार मानली नाही. पिशवी घेऊन निघायची, अर्ध्यावर दम लागला की उभी राहायची. एक दिवस तिने आधाराला एका गाडीच्या बॉनेटवर हात टेकला. आतला माणूस काच खाली करून ओरडला, "ओ आजी, गाडीला हात लावू नका, स्क्रॅच येतात!" हे मला तिने सांगितलं नाही, कोळणीने सांगितलं. आई एवढंच म्हणाली की हल्ली मासळी ताजी मिळत नाही, तूच आणत जा. मी आणलेल्या प्रत्येक बांगड्याचे डोळे तिला लाल दिसत आणि ती गॅलरीत बसून गाड्यांचे टप बघत राही. माझा संताप संताप होई. माझ्या आईला त्यांनी घरी बसवलं होतं, आणि कशासाठी, तर आंबापोळीच्या पाकिटांसाठी.

शिमगा आला तेव्हा मजा झाली. ग्रामदेवतेची पालखी आळीत येते ती पिढ्यान् पिढ्या शिंप्याच्या ओट्यावर बसते. तिथेच लोक नारळ देतात, ओट्या भरतात. पालखी काही जमिनीवर टेकवत नाहीत. मानकरी आदल्या दिवशी जागा बघायला आले आणि त्यांनी विचारलं, "ओटा खय गेला?" एवढ्या मोठ्या आळीत, एवढ्या शहाण्या बैठकीत, हे कोणाच्या म्हणजे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं!

तोंडं बघण्यासारखी झाली होती. लगेच गवंडी आला, टेम्पोभर चिरे आले, संध्याकाळच्या आत ओटा उभा. सगळ्या गाड्या हलल्या. बैठकीत 'टेकायला कोणाला वेळ हाय' म्हणून जे हसले होते तेच घमेली उचलत होते. देवासाठी एका दिवसात होतं ते माणसांसाठी का होत नाही, हे मी मोठ्याने विचारलं, पण ढोल वाजत होते. दुसऱ्या दिवशी आई मोकळ्या रस्त्यातून पालखीपर्यंत चालत गेली. नारळ दिला, ओटी भरली, आणि तो नवा ओटा हाताने दोनदा चाचपून बघितला.

शिमगा संपला, गाड्या परत आल्या. ओटा तेवढा राहिला, कारण देवाचा तो आता फोडणार कोण? पण चारी बाजूंना खांब रोवून दुकानदारांनी निळी नायलॉनची दोरी बांधली आणि पाटी लावली, 'देवाची जागा. बसू नये.'

रविवारी आईने पिशवी काढली. मी बरोबर गेले. ओट्यापाशी तिला दम लागला. मी दोरी सोडायला लागले, गाठ घट्ट, नखं तुटली. शेजारचा काजूवाला दुकानातून धावत आला. "ताई, काय करताव? मासळीची पिशवी देवाच्या ओट्यावर?"

"राखणेच्या नैवेद्याला कोंबडा चालतो ना आपल्या देवाला?" मी ओरडले. "मग बांगडा काय पाप करतो?"

आई बसली. ती उठून बाजाराकडे वळली तशी दुकानदारांनी दोरी पुन्हा बांधली, आणि परतताना मला ती पुन्हा सोडावी लागली. पुढचे सगळे रविवार हेच. पण रविवारी माझ्याबरोबर जाणं म्हणजे तिचं जाणं नव्हे. इतर दिवशी मी ऑफिसात, तिच्या बोटांना गाठ सुटत नाही, आणि हे त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर गाठ दर वेळी जास्त घट्ट.

परवा, भर आठवड्यात, ऑफिसातून आले तर घरात कालवणाचा वास. कोणी आणले बांगडे, विचारलं तर म्हणाली, "मी. दुसरं कोण?"

"आणि टेकलीस कुठे?"

"ओट्यावर. शिंप्याला म्हटलं, कातर दे. आधी मान खाली घालून शिवतच राहिला मेला. मी उभी. मग आणून दिलीन. कापून झाल्यावर पाण्याचा तांब्यापण आणलान."

"काजूवाला काही बोलला नाही?"

"बोलत होता. मी पाणी पीत होते."

तिने पिशवीतून निळ्या दोरीचं वेटोळं काढलं. मासळीचा वास लागला होता.

"दोरी बरी हाय गो," ती म्हणाली. "धुऊन परसात बांध. कपडे वाळत टाकायला होईल."